देहदानाची सेवा: पुण्यातल्या एका अ‍ॅनाटॉमी विभागाचा अनुभव

माझ्या वडिलांचं, आप्पांचं, देहदान गेल्या थंडीत पुण्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात झालं. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि तसाच अनुभव इतर कॉलेजांबाबतही मला लोकांनी नंतर सांगितला. सेवा म्हणून विचाराल तर पाचपैकी चार तारे. ज्या घरात एक माणूस देव मानत नाही आणि बाकीचे मानतात, त्या घरानं तर याची माहिती आधीच काढून ठेवावी.

देव न मानणं एरवी जमून जातं. पूजेला बसायचं नाही, प्रसाद दिला तर खायचा, वाद घालायचा नाही. पण घरात माणूस गेला की अंग गार व्हायच्या आत कुणीतरी विचारतं, "गुरुजींना फोन केला का?" धर्माकडे त्या दिवसाची सगळी तयारी असते. मडकं, बांबू, सुतळी, गोवऱ्या, पाणी कुणी पाजायचं, विसाव्याला कुठे थांबायचं, दहाव्याला काय, तेराव्याला काय. रडून डोकं बधिर झालेल्या माणसाला त्या ठरलेल्या कामांचा आधार होतो, हे मी मनापासून मान्य करते. आमच्याकडे त्या पहाटे एक फॉर्मची झेरॉक्स आणि एक फोन नंबर होता. त्या नंबरच्या पलीकडे काय मिळतं, हे पुढच्या माणसाला माहीत असावं म्हणून लिहिते आहे.

आप्पा सासवडचे, घराणं माळकरी. माउलींची पालखी दिवेघाट चढून मुक्कामाला आली की आमच्या वाड्यात दिंडीची पंगत बसायची. आप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कडक, हरिपाठ तोंडपाठ. नोकरी एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत. 21 सप्टेंबर 1995 ला देशभर गणपती दूध प्यायला लागले, तेव्हा आई वाटी घेऊन देवळाच्या रांगेत उभी होती आणि आप्पा कामावर होते. तिथेही कुणीतरी दूध आणलंच. आप्पांनी भरलेला चमचा बाकावरच्या व्हाइसच्या, म्हणजे लोखंड घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंज्याच्या, ओल्या जबड्याला टेकवला. दूध हळूहळू कमी झालं. व्हाइससुद्धा दूध प्यायला! संध्याकाळी घरी येऊन त्यांनी आम्हाला तेच तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर करून दाखवलं. चमच्याच्या काठावर फुगलेलं दूध ओल्या दगडाला लागलं की पृष्ठताणामुळे ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली ओघळतं. शेंदरी मूर्तीवर तो थर दिसत नाही, काळ्या दगडावर मात्र आम्हाला स्पष्ट दिसला.

श्रद्धा त्या दिवशी गेली नाही. त्या दिवसापासून ते विचारायला लागले. नवस फेडला नाही तर काय होतं, पितृपक्षातला घास कुठे पोचतो, दुष्काळात पांडुरंग कुणाच्या बाजूनं होता. उत्तरं मिळाली नाहीत तसं एकेक सुटत गेलं. शेवटी माळ काढून त्यांनी आईच्या हातात दिली. "मानतो त्यानंच घालावी, मी उगीच घालून फिरलो तर ते खोटं होईल," एवढंच म्हणाले. हरिपाठ मात्र शेवटपर्यंत म्हणायचे, त्यातली भाषा आवडते म्हणून.

माझं सुटणं निराळं. 25 जानेवारी 2005 ला, पौष पौर्णिमेच्या यात्रेत, मांढरदेवला चेंगराचेंगरी झाली. नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, अरुंद वाट, मग पेटलेली दुकानं. जवळपास 300 माणसं गेली. आमच्या आळीतल्या बायकाही गेल्या होत्या. त्यांतल्या एक काकू परत आल्यावर ओसरीवर बसून सांगत होत्या, काळूबाईनं हात धरून बाहेर काढलं. त्यांच्या मागच्याच पायरीवर कडेवर मूल घेतलेली एक बाई होती, ती तिथेच राहिली, हेही त्यांनीच सांगितलं. काकूंना मी काही बोलले नाही, त्यांचे हात तेव्हाही थरथरत होते. पण त्या बाईचा हात कुणी का धरला नाही? "तिचं प्राक्तन" हे उत्तर मला तेव्हाही क्रूर वाटलं, आजही वाटतं. त्यानंतर देवघरापुढे हात जोडले की समोर कुणी नाही हे कळायचं. पुष्कळ दिवस फार एकटं वाटलं. ठेच लागली की "पांडुरंगा" अजूनही तोंडातून जातं, त्याला माझी हरकत नाही.

आप्पांनी फॉर्म भरला तो 2013 च्या ऑगस्टमध्ये. 20 तारखेला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात ओंकारेश्वरजवळच्या पुलावर खून झाला. त्यांचा देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यायचा होता, पण शवविच्छेदन करावं लागल्यामुळे तो घेता येण्यासारखा राहिला नाही. मग साताऱ्यात कोणतेही विधी न करता अंत्यसंस्कार झाले आणि मुलीनं, मुक्ताताईंनी, अग्नी दिला. आप्पांनी ती बातमी पेपरात वाचली आणि त्याच महिन्यात कॉलेजात जाऊन फॉर्म आणला. फॉर्म साधाच असतो: नाव, वय, पत्ता, फोटो, जवळच्या नातेवाइकाची संमती, साक्षीदारांच्या सह्या. पैसे कुणी मागितले नाहीत. आईनं सही केली, पण त्या दिवशी जेवली नाही.

एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. महाराष्ट्रात 1949 पासून शरीररचनाशास्त्राचा कायदा आहे, तरी तुम्ही भरलेला फॉर्म घरच्यांना बांधून ठेवत नाही. माणूस गेल्यावर घरच्यांनी नको म्हटलं की कॉलेज आग्रह धरत नाही, आणि धरूही नये. उलट फॉर्म भरलेला नसला तरी वारस देहदान करू शकतात. त्यामुळे फॉर्म कपाटात ठेवून काही होत नाही, सगळ्या भावंडांना, सुनांना, जावयांना बसवून सांगावं लागतं. आप्पांनी दिवाळीच्या फराळाला सगळे जमले असताना सांगितलं आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा सांगितलं.

ते गेले पहाटे, घरी, झोपेत. फॅमिली डॉक्टर शेजारच्याच सोसायटीत राहतात, ते लगेच आले आणि मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र देऊन गेले. एमबीबीएस डॉक्टरच्या त्या कागदाशिवाय पुढे काहीच हलत नाही. मग नेत्रपेढीला फोन. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. तोवर काय करायचं ते त्यांनी फोनवरच सांगितलं: पंखा बंद, डोळे मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. दोघं तरुण मुलं आली, आईला नमस्कार केला, दार लोटून घेतलं आणि वीसेक मिनिटांत काम करून गेली. आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यानं काही अडलं नाही. चेहरा होता तसाच होता, आईनं आत जाऊन आधी तेच पाहिलं.

तक्रार आहे ती यापुढची. फॉर्मवर छापलेला नंबर विभागाच्या ऑफिसचा. पहाटे तो वाजत राहिला, कुणी उचलला नाही. विभाग उघडणार सकाळी, आणि देह जितक्या लवकर पोचेल तितका बरा. भावानं शेवटी कॉलेजच्या रुग्णालयात अपघात विभागाला फोन लावला. तिथल्या डॉक्टर बाईंनी शांतपणे सांगितलं की घेऊन या, शवागारात ठेवू, विभाग उघडला की ते ताब्यात घेतील. म्हणजे व्यवस्था होती, फक्त फॉर्मवर लिहिलेली नव्हती. त्या मधल्या वेळात "राहू दे, वैकुंठ स्मशानात नेऊ" असं घरातल्या दोघांनी म्हटलं होतं. आणखी थोडा वेळ गेला असता तर आप्पांची इच्छा तिथेच संपली असती. शववाहिनी आमची आम्ही केली. ड्रायव्हरनं स्मशानाऐवजी कॉलेज ऐकल्यावर जास्त पैसे मागितले, ते दिले, त्या वेळी घासाघीस करवत नाही.

अ‍ॅनाटॉमी विभागात मात्र ज्या रीतीनं आमच्याशी वागले, त्याला तोड नाही. फॉर्मॅलिनचा वास जिन्यातच लागतो, डोळ्यांना झोंबतो, वयस्कर माणूस बरोबर असेल तर आधी सांगून ठेवा. एका मॅडमनी आम्हाला खुर्च्या दिल्या, आप्पांचं आणि भावाचं आधार, डॉक्टरचं प्रमाणपत्र, नेत्रपेढीची पावती, सगळं स्वतः तपासलं. नंतर त्यांनी आजारांची विचारपूस केली. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, क्षय असा संसर्ग असेल, पोलीस केस असेल, पोस्टमॉर्टेम झालं असेल तर देह घेत नाहीत. डोळे दिले असतील तर चालतं. नाही म्हणायची वेळ आली तर तेही आम्ही तोंडावर स्पष्ट सांगतो, असं त्या म्हणाल्या, आणि मला ते बरं वाटलं. घरच्यांनी दुसरी सोयही मनात ठेवूनच निघावं.

आईनं पदरात तुळशीचं पान आणलं होतं. तिनं ते कुणाला न विचारता आप्पांच्या ओठांवर ठेवलं. मी मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "असू द्या, आजी. तुमचं होऊ द्या सावकाश." विभागातला मदतनीस, पन्नाशीचा माणूस, हातात चादर घेऊन बाजूला उभा राहिला. आईचा हात आप्पांच्या कपाळावरून निघेपर्यंत तो जागचा हलला नाही. मग त्यानं विचारलं, "आजी, केस हवेत का थोडे?" आणि खिशातून कात्री काढली. हे त्याला कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही. अनेक घरच्या माणसांना त्या दारात उभं राहिलेलं पाहून त्याला ते कळलं असणार. त्यानं मानेजवळची एक बट कापून कागदात गुंडाळून दिली. आत काय करतात हेही विचारल्यावर त्यानं न लपवता सांगितलं: मांडीच्या रक्तवाहिनीतून फॉर्मॅलिन सोडतात, त्यानं देह टिकतो आणि मुलांना पुष्कळ महिने शिकता येतं.

अस्थी मिळत नाहीत. हे आधी समजून घ्या, कारण श्रद्धाळू माणसाला सगळ्यात जास्त लागतं ते हेच. आईनं ती केसांची बट आळंदीला इंद्रायणीत सोडली. दहावा आम्ही केला नाही, पण त्या दिवशी सकाळी तिनं गच्चीवर भाताचा घास ठेवला आणि आम्ही कुणी तिला अडवलं नाही. आप्पांनीही अडवलं नसतं. मामा मात्र रागावले, हे नास्तिकांचं खूळ आहे म्हणाले. त्यांना मी सांगितलं की 2010 साली जानेवारीत ज्योती बसू गेले, त्यांचा देह कोलकात्याच्या रुग्णालयाला दिला, आणि पुढच्याच महिन्यात संघाचे नानाजी देशमुख गेले, त्यांचा देह दिल्लीच्या एम्सला दिला. एक कम्युनिस्ट, एक संघाचा. मामा नानाजींना फार मानतात. ते गप्प बसले, पण फॉर्म आणून दे असं काही म्हणाले नाहीत, आणि मीही विषय ताणला नाही.

कागदपत्रांचं सांगायचं तर विभागानं देह मिळाल्याचं पत्र तिथल्या तिथे दिलं. त्याच्या आणि डॉक्टरच्या प्रमाणपत्राच्या आधारे महापालिकेत मृत्यूची नोंद झाली. नोंद 21 दिवसांच्या आत करायची असते. स्मशानाची पावती नाही म्हणून खिडकीवरचा माणूस आधी अडखळला, पत्र दाखवल्यावर त्यानं पुढचं काम केलं. पत्राच्या झेरॉक्स जास्तच काढा, बँकेत आणि पेन्शनलाही विचारतात.

नंतर एकदा विभागानं देहदात्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. पहिल्या वर्षाची मुलं विच्छेदन सुरू करण्याआधी शपथ घेतात, देहाचा मान राखू अशी. सासवडसारख्याच कुठल्या तरी तालुक्याहून आलेली एक मुलगी आईजवळ येऊन बसली आणि तिनं आजोबा काय करायचे ते विचारलं. आईनं तिला दापोडीची कार्यशाळा, एसटीची इंजिनं, व्हाइसनं प्यायलेलं दूध, सगळं सांगितलं. आईच्या तोंडून ती दुधाची गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली.

एक तारा कापला तो रात्रीच्या नंबरसाठी. अपघात विभागाचा नंबर फॉर्मवर आणि देहदात्याच्या कार्डावर छापा, एवढीच विनंती मी विभागाला लेखी दिली आहे. मॅडमनी ती ठेवून घेतली आणि नव्या फॉर्मवर टाकू म्हणाल्या. माझा स्वतःचा फॉर्म मी त्याच दिवशी भरला, तेव्हा जुनेच फॉर्म शिल्लक होते, म्हणून तो नंबर मी पेनानं वरच्या कोपऱ्यात लिहिला आणि भावाच्या मोबाइलमध्ये साठवून दिला.