१ लिटर टर्बो, ११ महिने, १४,२०० किमी: अ‍ॅव्हरेज स्पीडब्रेकर खातात

गेल्या सर्व्हिसला भांडण झालं, म्हणून लिहायला बसलो. गाडी १ लिटर, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल, मॅन्युअल. खालचे अ‍ॅव्हरेजचे आकडे (लिटरला किती किमी) वहीतले, टाकी फुल ते फुल. माझ्या गाडीची स्क्रीन दीड किमी जास्तच दाखवते.

कोल्हापुरात पहिले चार महिने ११ च्या वर अ‍ॅव्हरेज गेलं नाही. घर ते ऑफिस ६ किमी, त्यात १४ स्पीडब्रेकर. प्रत्येकावर तेच: दुसरा गिअर, आरपीएम १,२००, पाय दाबला तरी ओढ नाही. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, फिरतो एक्झॉस्टच्या जोरावर आणि इतक्या कमी आरपीएमला तो जोरच नसतो. म्हणून आपण आणखी दाबतो, १,८०० च्या आसपास टर्बो जागा होतो, गाडी झेपावते आणि समोर पुढचा स्पीडब्रेकर! जाळलेलं पेट्रोल ब्रेकमध्ये गेलं. सर्व्हिसवाले म्हणाले, "साहेब, चालवण्यावर आहे." मला ती टाळाटाळ वाटली.

मे महिन्यात मत बदललं. पुणे-कोल्हापूर, तेच चौघं: जाताना ८० ने २०.१, येताना उशीर झाला म्हणून सलग १०० ने १५.६. वेगाबरोबर हवेचा अडथळा वाढतो, हे आहेच. पण बूस्ट आला की सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबली जाते आणि तिच्या हिशोबात पेट्रोलही पडतं. फारच जोर लावला, तर एक्झॉस्टचं तापमान आवरायला कॉम्प्युटर वर आणखी सोडतो. ब्रोशरमधलं मायलेज खरं, पॉवरही खरी, पण एकाच वेळी दोन्ही मिळत नाहीत.

आणि आंबा घाट! रत्नागिरीहून वर येताना एसी चालू, चौघं, डिकी आंब्यांनी भरलेली, तरी तिसऱ्यात आरामात. माझ्या जुन्या १.२ लिटरच्या गाडीला इथे एसी बंद करून दुसरा टाकावा लागायचा. घाटापुरतं स्क्रीनवर ९ दिसलं, मला त्याचं काहीच वाटलं नाही.

आता स्पीडब्रेकरवर सरळ पहिला टाकतो, हलक्या पायाने दुसरा. शहरात १३.१. तेवढ्यापुरते सर्व्हिसवाले बरोबर होते.

ऑइलच्या बाबतीत मात्र अजिबात नाही. मॅन्युअलमध्ये ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल, बिलावर १०डब्ल्यू-४०, म्हणजे त्याहून जाड. "सगळ्यांना हेच टाकतो." टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारतो, तोही ऑइलच्या पातळ थरावर. तिथे 'चालतंय की' कसं चालेल? दोन तास बसून राहिलो, समोर ऑइल काढायला लावलं, योग्य ग्रेड जॉबकार्डवर लिहून घेतली. तुम्हीही बिलावरची ग्रेड वाचूनच पैसे द्या.

त्यानंतरची पहिली टाकी: १३.४.