हास्केलचं टाइप इन्फरन्स: मनापासून आवडलं, पण एरर मेसेज सुधारायला हवेत

बरीच वर्षं ओकॅमल ही प्रोग्रामिंग भाषा वापरत होतो, आता काही महिने हास्केल ही भाषा आणि तिचा जीएचसी कंपायलर, आणि लिहायचंय ते फक्त टाइप इन्फरन्स (टाइप न सांगता कंपायलरने ओळखणं) आणि ओव्हरलोडिंग (एकच नाव वेगवेगळ्या टाइपांना चालणं) एकत्र कसं नांदतं त्याबद्दल.

इन्फरन्स तर एकदम भारी. टाइप कुठेच लिहू नका, कंपायलर स्वतः शोधतो, आणि शोधतो तोही सगळ्यात व्यापक. हे हिंडली (1969) आणि मिल्नर (1978) यांचं देणं. पण त्या मूळ पद्धतीत बेरजेची अडचण होते, कारण पूर्णांकांची, म्हणजे इंटची, बेरीज वेगळी आणि दशांशवाल्या आकड्यांची, म्हणजे फ्लोटची, वेगळी, मग एकच + दोघांना कसा द्यायचा? ओकॅमलने दिलाच नाही, फ्लोटसाठी प्लसपुढे टिंब द्यावं लागतं, दिसायला कसंतरीच दिसतं पण + दिसला की इंट, विषय संपला. स्टँडर्ड एमएल या भाषेत + दोघांना चालतो, पण तुम्ही दुप्पट करायचं फंक्शन लिहिलं आणि टाइप नाही सांगितला तर तो इंट धरून मोकळा होतो, मग तेच फंक्शन रिअलला (तिथला फ्लोट) चालत नाही!

हास्केलमध्ये मात्र तेच फंक्शन इंट, डबल (दशांशवाला आकडा) सगळ्यांना चालतं. टाइप क्लासची, म्हणजे ठरावीक क्रिया येणाऱ्या टाइपांच्या गटाची, कमाल आहे ही, वॅडलर आणि ब्लॉट यांचा 1989 चा पेपर. कंपायलर म्हणतो की टाइप कुठलाही द्या, फक्त तो नम या आकड्यांच्या क्लासमधला हवा, आणि आतून त्या टाइपच्या बेरीज-गुणाकाराची डिक्शनरी गुपचूप फंक्शनला पाठवतो. मला ही कल्पना फार म्हणजे फारच सुंदर वाटते.

आता तक्रार. सरासरी काढायला सम (बेरीज) भागिले लेंथ (यादीची लांबी) लिहिलं, तर मेसेज आला की फ्रॅक्शनल इंटचं इन्स्टन्स नाही (म्हणजे भागाकार येणाऱ्या फ्रॅक्शनल क्लासमध्ये इंट नाही) आणि बोट दाखवलं भागाकाराकडे. खरी गडबड लेंथ इंट देतं ही आहे, त्याला पूर्णांक दुसऱ्या आकडी टाइपमध्ये बदलणारं फ्रॉमइंटिग्रल लावलं की झालं, पण मेसेजवरून नवीन माणसाला हे कळणार कसं? तो बिचारा इन्स्टन्स लिहायला बसतो. शो (मूल्याचा मजकूर करणारं) आणि रीड (मजकुरातून मूल्य वाचणारं) एकापुढे एक लावले तरी तसंच, मधला टाइप कुठेच दिसत नाही म्हणून कंपायलर अडतो, आणि ते बरोबरच आहे, कुठलं रीड वापरायचं हे स्पष्ट सांगायलाच हवं (जीएचसी 8.0 पासून टाइप ॲप्लिकेशनने जागच्या जागी सांगता येतं).

सगळ्यात जास्त वेळ गेला तो मोनोमॉर्फिझम रिस्ट्रिक्शनमध्ये. आर्ग्युमेंट न लिहिता + ला फाइलमध्ये नुसतं दुसरं नाव दिलं, तर ते ओव्हरलोडेड राहतच नाही, इंटिजरवर अडकतं, आणि जीएचसीआयमध्ये (ओळ लिहिली की लगेच चालवून दाखवणारा जीएचसीचा प्रॉम्प्ट) टाइप केलं तर नीट चालतं कारण तिथे हा नियम बंद असतो. माझी अख्खी संध्याकाळ गेली यात.

5 पैकी 4. घेणाऱ्याने वरच्या पातळीवरच्या प्रत्येक फंक्शनला सिग्नेचर (त्याचा टाइप सांगणारी ओळ) लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी, निम्म्या एरर तिथेच समोर येतात जिथे चूक झालेली असते.