सामान जहाजाने परदेशी पाठवताय? आधी घनमीटर मोजा

कोल्हापुरातून घरसामान परदेशी पाठवणाऱ्यांनी हे वाचावं. सामानात वाकळा, रजया, कापडाचे गठ्ठे असतील तर जरा जास्तच लक्ष देऊन वाचावं, कारण एजंटाने आम्हाला लुबाडलं ते याच मऊ सामानाच्या जोरावर.

मी हौसेने वाकळा शिवते. यजमानांची नोकरी मेलबर्नला लागली तेव्हा भांडीकुंडी इथेच वाटून टाकली, पण शिवणाचं काही सोडवेना. गांधीनगरच्या बाजारातून आणलेली कापडं, शिंप्यांकडून मागून आणलेल्या चिंध्या, मशीन आणि एक अर्धवट वाकळ. आजीच्या इरकली लुगड्याच्या पट्ट्या वर, खाली दोन जुनी धोतरं, आणि कडेपासून आत येत गेलेला बारीक धावदोरा. मधला हातभर भाग शिवायचा राहिला होता.

शहरातल्या एका एजंटाचा माणूस घरी येऊन सगळं बघून गेला. "ताई, दोन सीबीएममध्ये बसतंय बघा. घरापासून घरापर्यंत ७८ हजार. तुम्ही फक्त कुलूप लावायचं." सीबीएम म्हणजे घनमीटर, लांबी-रुंदी-उंची एकेक मीटर. कंटेनरमध्ये इतरांच्या मालाबरोबर आपला थोडा माल जातो तेव्हा भाडं सहसा याच मापावर लागतं. विम्याचे पैसे वेगळे घेतले, १८ टक्के जीएसटी लावला, निम्मी रक्कम आगाऊ.

मी वाकळा हवा काढायच्या पिशव्यांत दाबून ठेवल्या होत्या. पॅकिंगवाल्या पोरांनी त्या फोडल्या. कस्टमला असं चालत नाही म्हणाले आणि सैल घड्या करून बॉक्स भरले. कस्टमचा असा कुठलाही नियम नाही. फुगवटा वाढवायला केलेलं काम होतं ते.

माल मुंबईच्या गोदामात पोचला आणि फोन आला: पाच सीबीएम भरलंय, ८५ हजार आणखी द्या, नाहीतर माल जहाजावर चढणार नाही, वर गोदामाचं भाडं रोज चढेल. विमानाची तिकिटं तोंडावर आलेली. हे लोक नेमकी तीच वेळ साधतात.

माझ्या भावाने टेम्पोत चढवताना प्रत्येक बॉक्सचा फोटो काढला होता, ते फार बरं झालं. बॉक्स ६० × ४५ × ४५ सेंटिमीटरचे. एकाचं माप ०.१२१५ घनमीटर, असे पंधरा. मशीनची पेटी धरूनही दोनच्या आत. सैल भरूनसुद्धा! हा हिशोब पाठवला तर म्हणे, पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी फळीवर, रचल्यावर वरची मोकळी जागाही धरतात. मोजमापाचा कागद मागितला, तो आजतागायत मिळालेला नाही. शेवटी भांडून ४० हजारांवर तोडलं. ते पैसे एका खाजगी माणसाच्या यूपीआयवर मागितले.

मेलबर्नला माल उतरला तर तिथल्या डेपोने बंदराचे आणि हाताळणीचे पैसे डॉलरमध्ये मागितले. 'घरापासून घरापर्यंत' हे शब्द बिलावर कुठेच नव्हते, फक्त माणसाच्या तोंडात होते. एक बॉक्स आलाच नाही. अर्धवट वाकळ त्याच बॉक्समध्ये होती. विम्याचा दावा करायला गेलो तेव्हा कळलं, पॉलिसी काढलेलीच नव्हती. बिलावरचा जीएसटी क्रमांकही भलत्याच नावाचा निघाला.

लुगडं आता कुठून आणू? पैशाचं दुःख एकवेळ गिळता येतं.

म्हणून कळकळीने सांगते. पॅकिंग तुमच्यासमोर होऊ द्या, प्रत्येक बॉक्सला मोजायची टेप लावा, आणि बॉक्सची यादी मापांसकट त्या माणसाच्या सहीने घ्या, टेम्पो हलायच्या आधी. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं. विमा म्हटला की विमा कंपनीने तुमच्या नावे दिलेली पॉलिसी हातात पाहिजे, एजंटाच्या बिलावरची ओळ कामाची नाही. उतरण्याच्या बंदरातले खर्च कोण भरणार, हे लेखी घ्या. आणि ज्या वस्तूचं मोल पैशात होत नाही ती जहाजाने पाठवूच नका. बाकीचे कपडे मागे राहिले तरी चालतील, ती विमानात आपल्या बॅगेत न्या.

ज्यांची फसवणूक झाली आहे त्यांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवावी. ऑनलाइन पैसे उकळले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब, कारण पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता आलं तरच उपयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, त्यामुळे एजंटाचं ऑफिस मुंबईला असलं तरी कोल्हापुरात तक्रार चालते. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आमची तक्रार भावाच्या फोटोंसकट दाखल झाली आहे.