पहाटे धावायचं की संध्याकाळी? पेठेत रूम करून राहणाऱ्यांसाठी

पुण्यात सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, अभ्यास करणाऱ्याने धावायला लागायचं ठरवलं की तो सहसा पहाटच धरतो. माझा कलही पहाटेकडेच आहे, पण एका अटीवर: रात्री साडेदहा-अकराला खोलीतला दिवा बंद होत असेल तर. खोलीत चौघं असतील आणि त्यातला एकजण एक वाजेपर्यंत टेस्ट सिरीज सोडवत बसत असेल, तर साडेपाचच्या गजरापर्यंत तुमची जेमतेम साडेचार तास झोप होते. 18 ते 25 वयात 7 ते 9 तास झोप लागते. दिवसभर वाचलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम याच झोपेत होतं. ती मोडून पहाटे पळालात, तर दुपारी अभ्यासिकेत डोळे मिटायला लागतात आणि पंधरा दिवसांत धावणंही सुटतं आणि वेळापत्रकही.

शरीराचं म्हणाल तर त्याला संध्याकाळ सोयीची. शरीराचं तापमान पहाटे सगळ्यात कमी असतं आणि दुपारनंतर ते चढतं. त्यामुळे संध्याकाळी स्नायू मोकळे असतात आणि त्याच वेगाला दम कमी लागतो. पहाटे पोटऱ्या आखडलेल्या असतात, म्हणून आधी दहा मिनिटं झपाझप चालायचं आणि मगच पळायचं. घाईत हे चालणं गाळणाऱ्यांच्या पोटऱ्या आणि टाचा लवकर कुरकुरायला लागतात.

मग पहाटेकडे कल कशासाठी? कारण त्या वेळेवर दुसऱ्या कोणाचा हक्क नसतो. संध्याकाळी क्लास लांबतो, सबमिशन येतं, गावाकडून फोन येतो, मित्र चहाला ओढतात. सहानंतर टिळक रोडवर धड चालता येत नाही, पळणं तर सोडाच. कॉलेजच्या मैदानावर क्रिकेटचे तीन-चार डाव एकदम चालू असतात. तोच टिळक रोड पहाटे पाऊणे सहाला दूधवाले आणि पेपरवाले सोडले तर मोकळा असतो. शिवाय मेसचं गणित आहे. जेवून लगेच पळता येत नाही आणि उशीर झाला तर मेस बंद. संध्याकाळ निवडणाऱ्याने साडेसातच्या आत पळून मोकळं व्हावं, म्हणजे जेवणही नीट होतं आणि झोपेपर्यंत अंग निवतं. सकाळवाल्याला अर्धं केळं किंवा मूठभर भिजवलेले शेंगदाणे पुरतात, पोहे परत आल्यावर. बाथरूमच्या रांगेचा अंदाज मात्र आधी घ्या. सात वाजता सगळी खोली एकदम उठत असेल, तर त्याआधी परत या, नाहीतर घामेजल्या कपड्यांत तासभर ताटकळावं लागेल.

हिवाळ्यात पहाटेची बाजू थोडी लंगडी पडते. ‘पहाटेची हवा स्वच्छ’ हे डिसेंबर-जानेवारीत शहराच्या मध्यात खरं नसतं. थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि गाड्यांचा, शेकोट्यांचा, जाळलेल्या कचऱ्याचा धूर तिच्यातच अडकतो. जानेवारीत सकाळी पर्वती टेकडीवर चढून खाली पाहिलंत तर पेठांवर राखाडी थर दिसतो. त्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो. त्या दोन महिन्यांत ऊन पडल्यावर निघा, नाहीतर सरळ संध्याकाळ घ्या. मार्च ते मे मात्र पहाटेला तोड नाही.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांनी फार विचार करू नये. मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळावं लागतं आणि चाचणी बहुधा पहाटेच सुरू होते. त्या वेळी पोट साफ होणं, अंग मोकळं होणं, रिकाम्या पोटी दम टिकणं हे सगळं सवयीनेच जमतं. तुमच्यासाठी पहाट, आणि अभ्यास त्याभोवती बसवायचा. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांना मी तितक्याच ठामपणे संध्याकाळ सांगेन.

मुलींनी वेळ ठरवताना उजेड आणि सोबत आधी पाहावी. एकटीने अंधारात रिकाम्या रस्त्यावर जाण्यापेक्षा, चालायला येणारी माणसं असतात अशा जागी साडेसहाला जाणं केव्हाही बरं. पहाटे भटक्या कुत्र्यांचा त्रास सगळ्यांनाच होतो. कुत्रं मागे लागलं तर पळू नका. थांबा, त्याच्याकडे टक लावून पाहू नका आणि सावकाश चालत पुढे व्हा.

जागेचं थोडक्यात सांगतो. मातीचं मैदान सगळ्यात उत्तम. सणस मैदानावर ट्रॅक आहे, पण प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्या. तळजाई टेकडीवर झाडी आणि माती दोन्ही आहे, मात्र पावसाळ्यात निसरडं होतं. पर्वतीच्या पायऱ्या पहिल्या महिन्यात पळत चढू-उतरू नका, उतरताना गुडघ्यांवर भार येतो.

‘रोज’ या हट्टाबद्दलही सांगायला हवं. दम दोन-तीन आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध घट्ट व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणूनच दम असूनही नडगी दुखायला लागते. पहिले दोन महिने आठवड्यातून चारच दिवस पळा, बाकीचे दिवस त्याच वेळी उठून नुसतं चाला. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं. पळताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. नडगीच्या हाडावर बोट ठेवल्यावर एकाच जागी कळ येत असेल, तर पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा.

अजूनही ठरत नसेल, तर बूट विकत घेण्याआधी आठवडाभर साडेदहाला झोपून पाहा. चार-पाच दिवस जमलं तर पहाट घ्या. नाही जमलं तर संध्याकाळी सहाची वेळ वहीत लिहा आणि त्या वेळेचा क्लास दुसऱ्या बॅचला हलवता येतो का, ते विचारून या.