आयर्न मेडनचा 'सेंजुत्सु' : ८२ मिनिटं, तीन गिटार आणि फॅन लोकांची जुनी भांडणं

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लांबलचक वाचायचा कंटाळा आहे ते सुटतील. 'सेंजुत्सु' हा ब्रिटिश हेवी मेटल बँड आयर्न मेडनचा चांगला अल्बम आहे, २००० नंतरच्या मेडनमधला माझ्या हिशोबाने पहिल्या तीनात बसणारा, पण त्यात पंधरा-वीस मिनिटं जास्तीची आहेत आणि ती नेमकी कुठली यावरून फॅन मंडळी २०२१ पासून एकमेकांचं डोकं खातायत. ज्यांना लांब गाण्यांचाच वैताग येतो त्यांनी इकडे फिरकू नका, पण लांब गाणी म्हणजे वाईट गाणी असं जे सरसकट बोललं जातं ना ते मला साफ नामंजूर आहे, आणि खरं तर त्यासाठीच हे लिहायला बसलोय.

माहिती पटकन. ३ सप्टेंबर २०२१ ला आला, मेडनचा १७ वा स्टुडिओ अल्बम, गाणी १०, वेळ जवळजवळ ८२ मिनिटं. एका सीडीत ८० मिनिटं मावतात म्हणून दोन सीड्या, आणि व्हायनल घ्याल तर तीन रेकॉर्ड्स. रेकॉर्डिंग पॅरिसच्या गियोम टेल स्टुडिओत २०१९ मध्येच झालेलं, मग कोविड आला आणि माल कपाटात पडून राहिला, कुणाला पत्ता नाही. प्रोड्युसर तोच आपला केव्हिन शर्ली, सोबत बँडचा बेसिस्ट स्टीव्ह हॅरिस. कव्हरवर बँडचा मॅस्कॉट एडी सामुराई झालाय, मार्क विल्किन्सनने काढलाय, आणि 'डान्स ऑफ डेथ'च्या त्या भयाण कॉम्प्युटर कव्हरनंतर हे बघून डोळे निवतात.

आता फॅन लोक. मेडनचा एक फॅन म्हणजे एक मत असं कधीच नसतं. एक गट आहे जो अजून जुना गायक पॉल डिॲनोतच अडकलाय, १९८० चा पहिला अल्बम आणि १९८१ चा 'किलर्स', तो रांगडा, पंककडे झुकणारा ईस्ट लंडनचा आवाज, त्यांच्या मते नंतर गायक म्हणून ब्रूस डिकिन्सन आला आणि सगळं ऑपेरा झालं. दुसरा गट, आणि हा सगळ्यात मोठा, १९८२ ते १९८८ एवढंच मेडन मानतो, 'सेव्हन्थ सन'नंतर यांची घड्याळं बंद. तिसरा गट २००० च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'पासूनचा, ज्यात बरेचसे आपल्याकडचे लोक येतात कारण आपल्यातल्या अनेकांना मेडन सापडलाच तेव्हा, कॉपी केलेल्या सीड्यांवर. आणि एक छोटा पण फार चिवट गट ब्लेझ बेलीवाला (मधल्या काळात ब्रूसच्या जागी गाणारा), 'एक्स फॅक्टर' कसा अंडररेटेड आहे हे तुम्हाला पटेपर्यंत सोडत नाही (यांच्या म्हणण्यात तथ्य आहे बरं का, त्यातलं 'साइन ऑफ द क्रॉस' आणि ब्लेझच्याच पुढच्या अल्बमचं 'द क्लॅन्समन' ब्रूस परत आल्यावरही लाइव्ह वाजलीच की).

या सगळ्यांचं एकाच गोष्टीवर एकमत, की मेडन 'आधीसारखा राहिला नाही'. अरे पण कधी होता? १९८६ मध्ये 'समव्हेअर इन टाइम'ला गिटार सिंथ (गिटारमधून सिंथेसायझरचा आवाज काढणारं यंत्र) आणले तेव्हाही लोकांनी नाकं मुरडलीच होती. त्याच वेळी ब्रूसने अकूस्टिक छापाची गाणी आणलेली, ती बाकीच्यांनी बाजूला ठेवली, त्या अल्बमवर गीतकार-संगीतकार म्हणून त्याचं नावच नाही कुठे. आणि २०२१ ला काय झालं? 'सेंजुत्सु'चं पहिलं सिंगल 'द रायटिंग ऑन द वॉल', ब्रूस आणि गिटारिस्ट एड्रियन स्मिथचं, सुरुवातीलाच अकूस्टिक गिटार आणि वाळवंटातून घोडा चाललाय असा सदर्न रॉकचा वास. ३५ वर्षं लागली पण माणसाने हट्ट पुरा केला. आणि गंमत म्हणजे ते नावडते सिंथवालं 'समव्हेअर इन टाइम'च पुढे २०२३ च्या टूरला एक तृतीयांश सेटलिस्ट घेऊन आलं, 'अलेक्झांडर द ग्रेट' त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा लाइव्ह वाजवलं आणि लोक रडायचे बाकी होते. उलटं उदाहरण हवं तर १९९० चा 'नो प्रेयर'. सिंथ-बिंथ बंद, परत साधं, रांगडं, स्टीव्हच्या घरच्या कोठारात रेकॉर्ड केलेलं, म्हणजे फॅन मागत होते तेच दिलं. त्यातलं गाणं ब्रिटनमध्ये नंबर एकला गेलं, मेडनचं नंबर एकला गेलेलं एकमेव सिंगल, आणि आज तो अल्बम कुणी मनापासून लावतं का? नाही लावत. तेव्हा 'जुन्यासारखं करा' ही मागणी फार सीरियसली घ्यायची नसते.

लांबीचंही तेच. 'हल्ली गाणी फार लांबवतात' म्हणणाऱ्याला १९८४ चं 'राइम ऑफ द एन्शंट मॅरिनर' विचारा, पावणेचौदा मिनिटं आहे, आणि तो त्यालाच सर्वश्रेष्ठ म्हणेल. १ फेब्रुवारी २००८ ला मुंबईत बीकेसीला मेडनने टूरची सुरुवात केली तेव्हा सेटमध्ये हे अख्खं होतं, आणि मैदानात कुणी घड्याळ बघितलं असेल असं मला नाही वाटत. का? कारण त्यात गोष्ट आहे, कोलरिजची कविता पुढे पुढे सरकते, अल्बॅट्रॉस मरतो, जहाज थांबतं, मधे सगळं शांत होतं, लाकडाची करकर ऐकू येते आणि मग गाडी पुन्हा सुटते. आपण लोक तर विलंबित ख्याल पाऊण पाऊण तास ऐकणारे, आपल्याला लांबी सांगू नका. एकच बंदिश गायक परत परत घेतो तरी कंटाळा येत नाही कारण दर आवर्तनाला बढत होते, राग थोडा अजून उघडतो. 'सेंजुत्सु'चं प्रत्येक लांब गाणं मी याच एका कसोटीवर ऐकलं, बढत आहे का? आणि मग अल्बम सरळ दोन भागात फाटला.

'द पार्चमेंट', १२ मिनिटं ३९ सेकंद, एकट्या स्टीव्हचं. सुरुवातीचा तो पूर्वेकडच्या वळणाचा जड रिफ (परत परत येणारा गिटारचा तुकडा) जबरी आहे, पहिल्यांदा ऐकला तेव्हा म्हटलं हे अल्बमचं शिखर असणार. पण मग तोच रिफ, त्यावर ब्रूस, मग सोलो, मग तोच रिफ, त्यावर ब्रूस, मग दुसऱ्या गिटारवाल्याचा सोलो, आणि गाणं जिथे उभं होतं तिथेच उभं. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत टेंपो चढतो तेव्हा जीव येतो पण तोवर मी चहा टाकायला उठलेलो असतो. 'डेथ ऑफ द केल्ट्स' दहा मिनिटं वीस सेकंद, हेही स्टीव्हचंच, आणि हे ऐकताना 'क्लॅन्समन' इतकं आठवतं की तेच लावावंसं वाटतं. शांत सुरुवात, केल्टिक चाल, मग मधला भलामोठा वाद्यांचा पट्टा. तो पट्टा छान आहे हो, पण दोन्ही बाजूंची गायकी आधी ऐकलेली. 'लॉस्ट इन अ लॉस्ट वर्ल्ड'ची सुरुवात फार सुंदर, अकूस्टिक आणि मागे धुक्यासारखे आवाज, विषय अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा, आणि मग साडेनऊ मिनिटांत ते स्वतःचीच सुरुवात विसरून जातं.

म्हणजे स्टीव्ह एकट्याने लिहिलेली चार गाणी, त्यातल्या तिनांना कात्री हवी होती. बेस वाजवणारा, बँड काढणारा, प्रोड्युसरच्या शेजारी बसणारा तोच, त्याला 'दादा, हे कडवं कापूया' कोण म्हणणार? १९८० च्या दशकात प्रोड्युसर मार्टिन बर्च होता कन्सोलवर, तो गेल्यावर त्या खुर्चीत तेवढ्या वजनाचा माणूस आलाच नाही असं माझं मत आहे, शर्ली चांगला माणूस असेल पण तो बँडला हवं ते करून देतो.

पण चौथं गाणं! 'हेल ऑन अर्थ'. अकरा मिनिटं एकोणीस सेकंद आणि मी सेकंदही कापू देणार नाही. पहिली दोनेक मिनिटं नुसता बेस आणि साफ गिटार, हळूहळू एकेक जण येतो, मग तो मेडनचा ओळखीचा गॅलप, घोड्याच्या टापांसारखा ठेका, सुटतो आणि अंगावर काटा. चाल दर वेळी नवीन दार उघडते, मधे गाणं श्वास घेतं, ब्रूस खाली उतरतो, मग परत वर जातो आणि तिन्ही गिटार एकत्र ती धून घेतात तेव्हा वाटतं की बाबांनो, या एका गाण्यासाठी बाकीचं माफ. शेवटी पुन्हा सुरुवातीच्या शांततेत उतरतं. स्टीव्हचंच आहे हेही, त्यामुळे 'हॅरिस संपला' म्हणणाऱ्यांनी हे ऐकून मग बोलावं. टूरला हे त्यांनी एन्कोरला, म्हणजे शो संपल्यावर परत येऊन वाजवायच्या गाण्यांत ठेवलेलं, जुन्या 'ट्रूपर'च्या आधी. नवीन गाणं एन्कोरला ठेवायला हिंमत लागते, त्यांना स्वतःलाही माहितीय काय चीज आहे ती.

उरलेली गाणी. टायटल ट्रॅकने सुरुवात होते, आणि जोरात पळणाऱ्या ओपनरची सवय असलेल्यांचा इथेच मूड जातो, पण ड्रमर निकोचे ते टॉम्स, युद्धाच्या ढोलासारखे, आठ मिनिटं वीस सेकंद न घाईगडबड करता चालत येतात, मला जाम आवडलं. निको मॅकब्रेनला २०२३ च्या जानेवारीत स्ट्रोक आला, तरी तो टूर करत राहिला आणि २०२४ च्या डिसेंबरात साओ पावलोच्या शोनंतर टूरिंगमधून बाहेर पडला, हे डोक्यात ठेवून हा ट्रॅक लावा, वेगळाच वाटतो. 'स्ट्रॅटेगो' ठीक, पळतं गाणं, पण कोरसला कीबोर्ड ब्रूसच्या चालीच्या मागे मागे सावलीसारखा फिरतो ते मला खटकतं, गायक असा तगडा असताना त्याला बोट धरून न्यायची काय गरज. 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट' चार मिनिटांचं, स्मिथ-डिकिन्सन जोडीचं, आत शिरतं, ठोसा मारतं, निघून जातं. 'टाइम मशीन' तिसरा गिटारिस्ट जॅनिक गर्स आणि स्टीव्हचं, विचित्र आहे, तुकडे जोडल्यासारखं, पण मला त्याचा लळा लागलाय का ते विचारू नका.

'डार्केस्ट आवर' मात्र नीट बसून ऐका. समुद्राच्या लाटा, पक्षी, आणि मग संथ गाणं, विषय चर्चिल आणि दुसरं महायुद्ध. आता बघा, बीकेसीच्या शोची सुरुवात चर्चिलच्या भाषणाची टेप आणि मग 'एसेस हाय', त्यांच्या 'फ्लाइट ६६६' या डॉक्युमेंटरीतही 'एसेस हाय' मुंबईचंच घेतलंय. १९८४ चं ते गाणं म्हणजे विमानात बसलेल्या पोराचं, सगळा वेग आणि थरार. 'डार्केस्ट आवर' त्याच युद्धावर, पण साठीच्या माणसाने लिहिलेलं, ज्याला किनाऱ्यावर पडलेली प्रेतं दिसतायत. बँडचा साउंड बदलला म्हणून कुरकुरणाऱ्यांना मी ही दोन गाणी पाठोपाठ ऐकवतो. वय झाल्यावर पुन्हा 'एसेस हाय'च लिहिलं असतं तर ते खोटं वाटलं असतं.

ब्रूसच्या आवाजाबद्दल बोलावंच लागेल. २०१५ ला त्याच्यावर जिभेच्या कॅन्सरचे उपचार झाले, मधला 'बुक ऑफ सोल्स' त्याआधीच रेकॉर्ड झालेला, म्हणजे आजारानंतरचा हा पहिला अल्बम. वरचे सूर आता पूर्वीसारखे सुरीसारखे येत नाहीत, पण खालच्या पट्टीत एक जाडी आलीय, 'रायटिंग ऑन द वॉल'मध्ये ती मस्त बसते. तक्रार आहे ती मिक्सची, म्हणजे सगळे आवाज कसे जुळवलेत त्याची. गिटार एकमेकांत मिसळून भाजी झालीय, तीन तीन गिटारिस्ट आहेत पण मरे कुठला, स्मिथ कुठला हे सोलो सुरू होईपर्यंत कळत नाही, आणि काही ठिकाणी ब्रूस मागच्या खोलीतून गातोय असं वाटतं. फोनच्या स्वस्त इअरफोनवर तर चिखलच. बऱ्या स्पीकरवर आवाज मोठा करून लावला की बेस आणि ड्रम्स छान उघडतात, लाइव्ह वाजवल्याचा फील येतो, म्हणजे अल्बम ऐकायला शेजाऱ्यांशी संबंध चांगले पाहिजेत.

घ्यायचा का? तीन रेकॉर्ड्सचा व्हायनल सेट इम्पोर्टेड आणि महाग पडतो, दर एक-दोन गाण्यांनी उठून बाजू बदला, मी म्हणेन एडीचं चित्र भिंतीला लावायचं असेल तरच. डबल सीडी जास्त सोयीची, ४०-४० मिनिटांचे दोन भाग होतात, एका बैठकीत एकच ऐका, ८२ मिनिटं सलग ऐकायचा पराक्रम करू नका. मेडन नवीनच असेल तर हा पहिला अल्बम नको, 'पॉवरस्लेव्ह' आणि 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' घ्या आणि मग इकडे या. जुने फॅन असाल आणि १९८८ नंतर काही ऐकलंच नसेल तर स्ट्रीमिंगवर 'डार्केस्ट आवर' आणि 'हेल ऑन अर्थ' एवढी दोन लावा, १८-१९ मिनिटांचा मामला आहे. तरीही पटलं नाही तर खुशाल 'किलर्स' लावून बसा, तोही जबरदस्तच आहे, त्यावर मी भांडणार नाही.