मँचेस्टर घ्यावं की लंडन? डिलनच्या १९६६च्या दोन मैफली

अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनच्या मे १९६६च्या ब्रिटन दौऱ्यातली मैफल विकत घ्यायला गेलात की दोन अल्बम समोर येतात, आणि दोन्हींच्या नावात लंडनचं ‘रॉयल अल्बर्ट हॉल’ असतं. त्यातला १९९८ साली डिलनच्या जुन्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांच्या ‘बूटलेग सिरीज’चा चौथा भाग म्हणून आलेला अल्बम मुळात लंडनचा नाहीच. तो आहे १७ मेचा, मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधला. चोरून विकल्या जाणाऱ्या तबकड्यांवर वर्षानुवर्षं चुकीचं ठिकाण लिहिलेलं होतं आणि ते इतकं रुळलं, की रेकॉर्ड कंपनीनेही अवतरणचिन्हं घालून तेच नाव ठेवलं. लंडनची खरी मैफल, २६ मेची, थेट नोव्हेंबर २०१६मध्ये बाहेर आली. एक ३२ वर्षं कपाटात, दुसरी ५०.

गाण्यांच्या यादीवरून निवड करता येणार नाही, कारण ती एकच आहे: १५ गाणी. पहिल्या ७ गाण्यांत डिलन एकटा, गिटार आणि हार्मोनिका घेऊन. मग ८ गाणी विजेच्या गिटारींसह. साथीला रॉबी रॉबर्टसन, रिक डँको, रिचर्ड मॅन्युएल, गार्थ हडसन आणि ड्रमवर मिकी जोन्स. दोन्ही ध्वनिमुद्रणं कंपनीनेच तेव्हा व्यवस्थित केलेली, त्यामुळे आवाजाच्या दर्जातही रडण्यासारखं काही नाही.

फरक आहे तो सभागृहातल्या हवेचा. लोकगीतांचा डिलन ऐकायला आलेल्यांना हा रॉक म्हणजे दगाबाजी वाटत होती. मँचेस्टरला हा राग टेपवर उतरलाय. ‘वन टू मेनी मॉर्निंग्ज’च्या आधी श्रोते मुद्दाम संथ टाळ्या वाजवून त्याला छळतात. डिलन काय करतो? माइकमध्ये अर्थहीन काहीतरी पुटपुटत राहतो. काय बोलतोय हे ऐकायला लोक गप्प होतात आणि नेमक्या त्या क्षणी तो म्हणतो, एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या नसत्या तर! पुढे शेवटच्या गाण्याआधी कोणीतरी ओरडतं, ‘ज्युडास!’ आपल्याकडे भर सभेत एखाद्याला सूर्याजी पिसाळ म्हणावं, तसं. डिलन त्याला खोटारडा ठरवतो, साथीदारांना शिवी हासडून मोठ्याने वाजवायला सांगतो आणि ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ कोसळतं. गाणं असं सूड उगवल्यासारखं म्हटलेलं मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

लंडनमध्ये असा स्फोट नाही. दौरा संपायला आलाय, आवाज थकलेला, शब्द लांबवत नेलेले. काहींना ते सैल वाटेल. मला मात्र एकट्याने गायलेला पहिला भाग तिथेच जास्त धरून ठेवतो. ‘व्हिजन्स ऑफ जोहाना’ ऐकताना एवढं ध्यानात ठेवा, की ते ज्यात आहे तो ‘ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड’ अल्बम तेव्हा बाजारात यायचा होता. समोरच्यांपैकी बहुतेकांसाठी हे गाणं कोरं होतं, आणि तरी सभागृह चिडीचूप आहे. पुढे अर्ध्या तासात हेच लोक बिथरतात.

२०१६मध्येच या दौऱ्याचा ३६ सीडींचा संचही निघाला. युरोपच्या कायद्यात मेख अशी, की ५० वर्षांत प्रकाशित न केलेल्या ध्वनिमुद्रणावरचा हक्क जातो. म्हणून कंपन्या पन्नाशी उलटण्याआधी कपाटं रिकामी करतात. या संचात तीच गाणी पुन्हा पुन्हा येतात, आणि काही सीडी तर प्रेक्षकांत बसून टेप केलेल्या, कानाला त्रास देणाऱ्या. रोज रात्री एकच गाणं कसं बदलत गेलं हे तपासण्याचा नाद असेल तरच त्या वाटेला जा.

पहिल्यांदाच घेत असाल तर मँचेस्टर, डोळे मिटून. त्यातलं ‘टेल मी, मॉमा’ डिलनने स्टुडिओत कधी ध्वनिमुद्रित केलंच नाही, तेवढ्यासाठीही त्याच अल्बममधली दुसरी सीडी वसूल होते. मँचेस्टर आधीच घरात असेल तर लंडनसाठी लगेच पैसे टाकू नका. स्ट्रीमिंगवर पहिली ७ गाणी रात्री निवांत ऐका. ‘डेसोलेशन रो’ची अकराएक मिनिटं लांबलचक वाटली नाहीत, तर रेकॉर्ड मागवा.