चुंबकावरचा लगदा दाखवून गिअरबॉक्स ‘गेला’ म्हणाले

माझी ऑटोमॅटिक गाडी तापली की दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना झटका द्यायची. चढावर आरपीएम वर जायचा, पण गाडी वेग धरायची नाही. गॅरेजवाल्याने गिअरबॉक्सखालचा ऑइलचा पॅन काढला आणि आतल्या चुंबकावरचा करडा लगदा बोटावर घेऊन माझ्यासमोर धरला. "बघा साहेब, आतलं लोखंड झिजून आलंय. पूर्ण ओव्हरहॉल करावा लागेल."

तो लगदा पाहून कोणीही घाबरेल, आणि अशा गॅरेजवाल्यांचा धंदा नेमका त्यावरच चालतो. चुंबक तिथे बसवलेलं असतं तेच मुळी हा बारीक चुरा धरून ठेवायला. क्लच प्लेट्स आणि गिअर रोज किंचित घासतातच. लगदा मऊ असेल तर काही बिघडलेलं नाही. बोटाला टोचणारे तुकडे किंवा जळका वास येणारं काळपट ऑइल असेल, तर मात्र खरंच काळजीचं.

ओव्हरहॉल म्हणजे गिअरबॉक्स उतरवून, उघडून दुरुस्त करणं. त्याचं भलंमोठं बिल भरून गाडी आणली. सुरुवातीला छान चालली, मग पुन्हा तोच झटका. दुसऱ्या मेकॅनिकने ती लिफ्टवर घेऊन इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारे बोल्ट दाखवले. त्यांच्यावर जुनी धूळ आणि तेलाचा थर जसाच्या तसा, पाना लागल्याची एक खूण नाही. गिअरबॉक्स खाली उतरवलाच नव्हता! फक्त ऑइल बदललं होतं, आणि ते ऑइल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपच्या जोडातून पुन्हा झिरपत होतं.

ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सच्या आतला क्लच दाबला जातो तो ऑइलच्या प्रेशरने. ऑइल कमी झालं की पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं, प्लेट्स घसरतात आणि मग एकदम पकडतात. तापल्यावर ऑइल पातळ होतं, म्हणून त्रास तेव्हाच जास्त. पाइपचा जोड बदलून गाडीला लागतं तेच ऑइल योग्य पातळीपर्यंत भरलं, झटका गेला.

म्हणून आधी ऑइलची पातळी आणि गळती बघायला लावा. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड स्कॅनरवर दिसतात, ते सगळे लिहून घ्या. नुसता पी०७०० म्हणजे ‘ट्रान्समिशनमध्ये काहीतरी बिघाड’ एवढंच, नेमका दोष सोबतच्या दुसऱ्या कोडमध्ये असतो. कधी एखादा सोलेनॉइड (ऑइलची वाट उघड-बंद करणारा विजेवरचा वाल्व) किंवा त्याची वायर खराब निघते, कधी तुटलेलं इंजिन माउंटिंगही (इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार) असाच झटका देतं. तरीही गिअरबॉक्स उतरवायचा म्हणाले, तर गाडी सोडण्याआधी इंजिन-गिअरबॉक्स जोडणाऱ्या त्या बोल्टांवरून शेजारच्या धातूपर्यंत जाणारी रंगाची खूण करून फोटो काढा. काम झाल्यावर खूण जागच्या जागी दिसली, तर बिल भरू नका.